पंचशीलाची समोरची भिंत

चिंताकी गावच्या पंचशीलाला फोनात घरं बघायचा नाद लागला. शिलाई मशीनवर दोरा तुटला की सुई ओवायच्या आधी ती एक घर बघून घ्यायची. उजेडानं भरलेल्या खोल्या, कुठं पसारा न्हाई, खुंटीला पिशवी न्हाई. डोक्यावरली घागर उतरवल्यावर मानेला वाटतं, तसं तिला वाटायचं.

एक फोटो मात्र मनातच बसला. मातकट रंगाची अख्खी भिंत, वर काहीच न्हाई. खाली बुटका पाट, त्यावर बुद्धाची मूर्ती, बाजूला कुंडी.

"आपलेच भगवान हायत की त्येंच्या घरात," ती नवऱ्याला म्हणाली. रत्नपाल टेम्पो चालवायचा, भिंतीपेक्षा त्याला झोप गोड. "कर जा," म्हणाला आणि कूस बदलली.

सासू इंदिराबाई मोतीबिंदू काढायला उदगीरला लेकीकडं गेली होती. तेवढ्यात पंचशीलानं समोरची भिंत मोकळी केली. भिंतीवर काय नव्हतं? भगवान, बाबासाहेब, मेलेला सासरा, लग्नाचा फोटो, जुनी कॅलेंडरं, बंद घड्याळ, प्लास्टिकची फुलं. सगळं उतरवून तिनं स्वतःच्या हातानं रंग मारला. पाट मांडला, बाजारातून आणलेली मूर्ती ठेवली, शेजारी मनीप्लँटचा डबा. बाबासाहेबांना कुठं ठेवायचं ते मात्र कुठल्याच फोटोत दिसंना. ती फ्रेम तिनं धुतल्या लुगड्यात गुंडाळून आतल्या कपाटात उभी केली.

शेजारची सुमनबाई ब्लाऊज न्यायला आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"कामून गं, घर बदलायलीस का?"

"न्हाई की. नवीन पद्धत हाय."

"परवा पौर्णिमेची वंदना तुमच्याकडं हाय ना? लोकं मांडी घालून बसले की भगवानापेक्षा त्येंचीच डोस्की वर. आन बाबासाहेब कुठं?"

"आत हायत."

"आत? इंदिराबाई आल्यावर तुलाबी आतच ठिवतीय बघ."

वंदना पाळीनं घरोघर फिरायची, आणि ही पाळी म्हातारीनं वस्तीत भांडून मागून घेतलेली. बाबासाहेबांना कपाटात घालणारी सून म्हणून नाव व्हायला ती एक संध्याकाळ पुरेशी होती. फ्रेमा परत टांगाव्या म्हणून पंचशीला हातोडी शोधायला उठली, आणि दारात रिक्षा थांबली.

इंदिराबाई काळा चष्मा काढून भिंतीपुढं उभी राहिली.

"फोटोत बघून केलं, आत्या," पंचशीलानं फोन पुढं धरला.

म्हातारीनं तो फोटो जवळ घेऊन, लांब धरून बघितला. "घर चांगलं हाय. पर ह्येंच्याकडं वंदनेला कोण येत नसंल. बाबासाहेब कुठं हायत?"

पंचशीलानं फ्रेम आणली.

"पाट काढ. उंच टेबल आण, वर पांढरी चादर टाक. दोघं शेजारी-शेजारी बसतेल. भिंत राहू दे अशीच."

"आन मामांचा फोटो?"

म्हातारी खाटेवर टेकली. "राहू दे आतच. जिता होता तवा डोळे वटारून बगायचा, मेल्यावरबी भिंतीवरून तेच चालू. भाकर घशाखाली उतरत नव्हती बाई."

पंचशीला तिथंच फरशीवर बसली. हसू तोंडात मावंना.

पौर्णिमेला पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, पांढऱ्या सदऱ्यातले बापे दाटीनं बसले. वंदना झाली. मेणबत्त्यांचा उजेड मोकळ्या भिंतीवर हलत होता. सुमनबाई इंदिराबाईच्या कानाशी लागली, "बरं दिसायलंय की गं."

"दिसंलच की. उदगीरहून फोनवर मीच सांगितलं व्हतं तिला, असं असं कर मनून."

पंचशीला खीर वाढत होती. तिनं सासूच्या वाटीत अजून एक पळी घातली.