डोळे मिटून पाहिलेली बोट

आमच्या शेजारचे काका राहायला जुनी मोटरबोट शोधत होते. सोबतीला मला न्यायचे. मालक इंजिनाचं कौतुक सांगू लागला की हे "हो का, हो का" म्हणत आत शिरायचे आणि डोळे मिटून, चाचपडत, झोपायच्या फळीपासून संडासापर्यंत चालायचे. मालकासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा विचारलंच.

"अरे, तुझ्या काकूला आता दिसत नाही ना. हॉलच्या मधोमध आली की घाबरते. बोटीत कसं, हात लांबवला की भिंत."

काल खाडीवरच्या एका बोटीत त्यांचं कपाळ दाराच्या चौकटीवर खाडकन आपटलं. टेंगूळ चोळत ते चक्क हसले.

"काकू माझ्या खांद्याएवढी आहे. तिला नाही लागायचं. हीच घेऊ."