बर्फाच्या पेटीतली काडतुसं

माझ्या मेहुण्याला दोह्याला मीच आणलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटेल की त्याने माझं काही हिसकावून घेतलं. त्याने काहीही हिसकावलं नाही. जळलो तो मी, आणि पुरेपूर जळलो.

तो रत्नागिरीत घड्याळं दुरुस्त करायचा. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले तसे लोक त्याच्याकडे फक्त सेल बदलायला जाऊ लागले. बायकोने माझ्यामागे लकडा लावला, म्हणून मी अरबाबकडे, म्हणजे ज्याच्या ट्रेडिंग कंपनीत मी क्लार्क होतो त्या मालकाकडे, शब्द टाकला. "इन्शाल्ला," तो म्हणाला. या शब्दानंतर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण तीन महिन्यांत व्हिसा आला. मेहुणा आमच्या मुऐदरच्या घरात पुढच्या खोलीत राहायला आला.

अरबाबने माझा शब्द खाली पडू दिला नाही, कारण शुक्रवारची सकाळ.

तरुणपणी तो परदेशात जाऊन डोंगरांतल्या रानबकऱ्यांची शिकार करायचा. पुढे गुडघे गेले, रायफल राहिली. तिचं काडतूस शिकारीचंच होतं. त्यातली गोळी इतकी सरळ जायची की जनावर दोनशे मीटरवर आहे की अडीचशे, याचा हिशेब करत बसायला नको. पण अरबाब ज्या रेंजवर जायचा तिथे त्याचे मित्र खास कागदी निशाणासाठी बनवलेल्या, जाड नळीच्या, वजनदार रायफली घेऊन यायचे. त्यांच्यातला एक पांढऱ्या जीपवाला नेहमी हसायचा. "ही बकरी मारायची बंदूक. त्या कागदाने तुझं काय वाकडं केलंय?" ते अरबाबला लागलं. याच रायफलीने तीनशे मीटरवर याला हरवायचं, हे त्याने मनात घेतलं.

मी काही नेमबाज नाही. अरबाब पालथा झोपून बार काढायचा आणि मी शेजारी घडीच्या खुर्चीत बसून, तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघून, गोळी कुठे लागली ते सांगायचो. मध्यापासून किती बोटं आणि घड्याळाच्या कुठल्या आकड्याकडे. "दो बजे, चार उंगली." शिकारीच्या रायफलीची नळी बारीक. पाच बार झाले की ती तापते आणि मग गोळ्या भरकटतात. म्हणून पाच बारांनंतर दहा मिनिटं थांबायचं. त्या दहा मिनिटांत अरबाब माझ्याशी बोलायचा. गुडघ्यांबद्दल, मुलींच्या लग्नांबद्दल. माझी पोरं मराठी बोलतात का, असंही विचारायचा. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलतात म्हटल्यावर म्हणायचा, माझी पण. ऑफिसात हा माणूस माझ्या सलामाला नुसती मान हलवायचा. सगळ्या आठवड्यात मी माणूस असायचो तो त्या दहा-दहा मिनिटांत.

आणखी एक गोष्ट माझी होती. एका एप्रिलमध्ये वारा नाही, नळी थंड, तरी गोळ्या वर वर जात होत्या. मी काडतुसांच्या डब्याला हात लावला तर डबा तव्यासारखा तापलेला. काडतुसातली दारू तापली की जास्त जोरात पेटते, हे नंतर रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने समजावलं. पुढच्या शुक्रवारपासून मी आमची समुद्रावर न्यायची बर्फाची पेटी आणू लागलो. अरबाबच्या गाडीतून डबा घ्यायचा, कोरड्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचा आणि पाच-पाच काडतुसं त्याच्या हाताशी न्यायची. रायफलवरची दुर्बीण त्या थंड काडतुसांवरच जुळवलेली होती. अरबाबने एकदा "शुक्रन" म्हटलं आणि त्यानंतर त्याकडे कधी पाहिलंही नाही. माझ्यावर सोपवून टाकलं.

मग मेहुणा आला. घरी बसून कंटाळतो, घेऊन जा, असं बायको म्हणाली. मी नेलं. पहिल्याच दिवशी त्याने रायफलीजवळ उकिडवं बसून, डोळे बारीक करून सांगितलं की दुर्बीण बसवलेल्या पट्टीचा एक स्क्रू हलतो आहे. खिशातून घड्याळाचा पेचकस काढला. त्यानंतरचे पाचही बार एका बशीत मावतील इतके जवळ लागले.

"माशाल्ला!" अरबाब म्हणाला. मला दोन वर्षांत त्याने एकदाही माशाल्ला म्हटलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी त्याने माझ्या खुर्चीकडे बोट केलं. "यल्ला, आज इसको बिठाओ."

मी उठलो, हसलोसुद्धा. माझ्याकडे चहाचा थर्मास आणि बर्फाची पेटी उरली. आयुष्य घड्याळात घालवलेला माणूस तो. नुसतं "एक बजे" म्हणायचा नाही, "एक बज के दस मिनट" म्हणायचा, आणि अरबाब खुश व्हायचा. त्या दहा मिनिटांत दोघांचं हसणं मला मागे गाडीपर्यंत ऐकू यायचं. कशावर हसतायत ते कळायचं नाही. त्याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी मी त्याच्या ताटातल्या माशांचे तुकडे मोजू लागलो, इतका घसरलो होतो. बायकोच्या लक्षात आलं. "तुमाला माज्या भावाचा बरा बगवत नाय," ती म्हणाली. मी भांडलो, पण तिचं खरं होतं.

पांढऱ्या जीपवाल्याशी पैज ठरली. दहा-दहा बार, तीनशे मीटर. मे सुरू झाला होता आणि आठ वाजताच ऊन चटकत होतं. मी पेटीत बर्फ भरून तयार होतो. मेहुण्याने अरबाबच्या गाडीतून काडतुसांचा डबा काढला, काळ्या बॉनेटवर ठेवला आणि तिपाईवरची दुर्बीण लावायला निघून गेला.

मी चार पावलांवर होतो. डबा उन्हात विसरला, माझ्या मनात आलं. फार हुशार ना, आता बघू. पेटी कशासाठी असते ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. डबा अर्धा तास उन्हात होता आणि मी अर्धा तास त्याच्याकडे पाहत होतो. अरबाबने "यल्ला, गोली!" अशी हाक मारली तेव्हा मेहुण्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी थर्मासचं झाकण लावत राहिलो. मग त्यानेच धावत येऊन डबा नेला.

पहिल्या गोळ्या वर गेल्या. "बारा बजे, पाच उंगली," त्याचा आवाज बारीक झाला. अरबाबने रायफलवरच्या दुर्बिणीचं बटण फिरवून नेम खाली आणला. तोवर अरबाबवर धरलेल्या छत्रीच्या सावलीत डबा निवत गेला आणि गोळ्या खाली जाऊ लागल्या. अरबाब पुन्हा पुन्हा बटण फिरवत राहिला. पैज हरला. पांढऱ्या जीपवाल्याने नुसती अरबाबच्या पाठीवर थाप मारली. तो हसला असता तर बरं झालं असतं.

"क्या हुआ?" अरबाबने विचारलं.

मेहुण्याने डब्यावर हात ठेवला, लांबून माझ्या पायाशी असलेल्या पेटीकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असावं. "मेरी गलती, अरबाब. गोली धूप में रह गई."

"खलास," अरबाब म्हणाला आणि रायफल तिच्या पिशवीत घातली. पुढच्या शुक्रवारी त्याने कुणालाच बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

परत येताना गाडीत आम्ही दोघंच. तो मला आता सुनावेल अशी मी वाट बघत होतो, मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती. दुहैलचा सिग्नल गेल्यावर तो हळूच बोलला.

"भावजी, इसरलात ना आज? होता असा कदी कदी."

"मी?"

"डबा मी बोनेटवर काढून ठेवला हुता तुमच्यासाठी. मागच्या शुक्रवारी अरबाब बोलला, पेटीचा पन आता तूच बग. मी बोललो, नाय. ता काम माज्या भावजींचा हाय, मी हात लावनार नाय."

मी गाडी कडेला घेतली. त्याला वाटलं मला घेरी आली. पेटीतला बर्फ तसाच होता, त्याने त्यातला एक खडा रुमालात बांधून माझ्या कपाळावर धरला.

"हो," मी म्हटलं, "विसरलो."