पश्चिमेची भिंत आणि तिसरी पायरी

यंदा मार्चमध्ये रहिमतपूरच्या आमच्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचे घरात ठरले होते. तो झाला नाही.

ही भिंत उघड्या विटांची आहे. फौजेतून निवृत्त झाल्यावर वडिलांनी घर बांधले, तेव्हा भट्टीवर उभे राहून, एकमेकींवर वाजवून त्यांनी विटा निवडल्या. या भिंतीवर गिलावा नको, एवढाच त्यांचा आग्रह होता. दोन पावसाळ्यांपूर्वी तिच्या खालच्या भागात ओलीचे डाग दिसू लागले. वडिलांनी पलटणीतल्या रिवाजाप्रमाणे गुडघाभर उंचीपर्यंत लाल ऑइलपेंट दिला आणि वर पांढरा पट्टा ओढला. ओल पट्ट्याच्या वर चढली. विटांवर लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, आला, पापुद्रे सुटू लागले.

"भिंतीला बी वर्दी घातली तुमी," आई म्हणाली. "आता तिला घाम फुटलाय. गिलावा करून टाका, आवं."

"घाम कुठनं येतोय ते कळू दे," वडील म्हणाले. "मग बघू."

आईने अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत दिली. त्यानंतर गवंडी येणार होता.

मी सांगलीत नोकरी करतो. त्या महिन्यात दर शनिवारी गावी मुक्कामाला जात होतो. सगळ्यांनी पावसाला दोष दिला होता. पण पाऊस थांबून महिने झाले होते आणि डाग तसाच होता. न्हाणीघराचा पाइप घराच्या दुसऱ्या बाजूला आहे. डागावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून पाहिला. सकाळी थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला होते, बाहेरची बाजू कोरडी होती. म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होते. भिंतीत कुठून शिरते, हे कळत नव्हते.

उत्तर आईकडून आले. पश्चिमेच्या दारात पायरीवर बसून ती गुडघ्याला तेल चोळत होती.

"ह्या दोन पायऱ्या बऱ्या," ती म्हणाली. "तीन हुत्या तवा लय तरास व्हायचा."

जवळच डाग न्याहाळत बसलेल्या वडिलांनी वर पाहिले. "तिसरी कुठं गेली?"

"मला काय इचारता? मी खाल्ली न्हाई."

तिसरी पायरी मुरमाखाली होती. डाग दिसण्याआधीच्या उन्हाळ्यात, बहिणीच्या लग्नात मांडवासाठी अंगण सपाट करताना मुरूम टाकून रोलर फिरवला होता. लग्नानंतर तो कोणी काढला नाही. जमिनीची ओल वर चढू नये म्हणून जोत्याच्या माथ्यावर, विटकामाच्या खाली, सिमेंटचा एक थर घातलेला असतो. मुरूम त्या थराच्याही वर आला होता. अंगणातला सडा आणि झाडांना घातलेले पाणी मुरमातून थेट विटांना लागत होते. ऑइलपेंटमुळे ते खालच्या भागात सुकत नव्हते, म्हणून रंगाच्या वर निघत होते.

वडिलांनी त्याच दुपारी टिकाव घेतला. भिंतीलगतचा मुरूम जोते मोकळे होईपर्यंत काढला आणि अंगणाचा उतार भिंतीपासून दूर वळवला. तिसरी पायरी अख्खी निघाली.

"आली का बाई," आई म्हणाली. "आता माझ्या गुडघ्याचं काय?"

"कठडा बसवू."

"गवंडी ठरलाय न्हवं? त्यालाच सांगा."

पुढच्या रविवारी आम्ही तारेच्या ब्रशने रंग खरवडून काढला. वडिलांनी डागाच्या वरच्या कडेला पेन्सिलने रेघ मारली. अक्षय्य तृतीयेला ओल त्या रेघेच्या खाली विटांचे चार थर उतरली होती. आईने भिंतीवरून तळवा फिरवला. "व्हय, सुकतीया," ती म्हणाली आणि गिलावा दिवाळीपर्यंत पुढे ढकलला.

पावसाळ्यात भिंत भिजली आणि उघडीप मिळताच सुकली. गणपतीत लोणा झाडून काढला, तो पुन्हा आला नाही. दसऱ्याला डाग उरला नव्हता. पाहुणे आले की वडील त्यांना आधी पश्चिमेच्या बाजूला नेत आणि भिंतीला हात लावायला सांगत.

दिवाळीआधी गवंडी आला. त्याने तीन पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवला.