'साध्य'च्या रकान्यातली खूण

एरंडोलजवळच्या एका खेड्यात मी दोनशिक्षकी शाळेत बाई होते, तेव्हा वरून फर्मान आलं. हुशार मुलांची वेगळी वही ठेवा, प्रत्येकाची उद्दिष्टं लिहा, गाठलं की 'साध्य'च्या रकान्यात खूण करा. रोजच्या पाठांचं टाचण लिहिणं कमी पडत होतं म्हणून हे आणखी! तपासणीला येणारे साहेब ती वही बघून तालुक्याच्या शिष्यवृत्ती वर्गासाठी मुलं निवडणार होते.

माझ्याकडे हुशार अशी एकच, चौथीतली एक मुलगी. तिला त्या वर्गाला जायचंच होतं. वडिलांनीही कधी नव्हे ते हो म्हटलं होतं. मी पहिलंच उद्दिष्ट लिहिलं, 'दुसरीच्या मुलांचे पाढे पाठ करून घेईल.' म्हणजे माझंच काम. तिने वहीत डोकावून विचारलं, "बाई, यामा मी काय शिकसू?"

मला रागच आला. एवढीशी पोर आणि जीभ बघा. पण बोलली खरं, त्यात तिला शिकायला काहीच नव्हतं, म्हणून खाली लिहिलं, 'अपूर्णांकांची बेरीज करील.' उद्यापासून शिकवते म्हटलं. ती रोज पाटी पुसून तयार, आणि माझा उद्या काही उजाडेना. कधी मतदारयाद्या, कधी हजेरीपट, कधी नुसता कंटाळा. कंटाळाच जास्त, खोटं कशाला बोलू.

साहेब येणार त्या सकाळी मी सगळ्या रकान्यांत खुणा करून टाकल्या. आम्ही सगळेच करायचो. साहेब वही बघतात, मुलांना विचारतंय कोण?

या साहेबांनी विचारलं. फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश मांडलं आणि खडू तिच्या हातात दिला. ती फळ्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. साहेब, मी शिकवलंच नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तेवढंही म्हटलं नाही. त्याची शरम अजून गेलेली नाही.

"बाईंनी शिकवलं होतं," ती शाळेतल्या शुद्ध भाषेत म्हणाली. "मीच विसरले."

साहेबांनी तिच्या नावावर रेघ मारली आणि वहीवर 'उत्तम' असा शेरा दिला. मी त्यांना चहा पाजला.

ते गेल्यावर तिला जवळ बोलावलं. "उद्यापासून अपूर्णांक घेऊ," एवढंच तोंडातून निघालं. ती "हो बाई" म्हणाली आणि दुसरीच्या मुलांचे पाढे घ्यायला गेली.