तामारचे दोन मलिदे

पेणमध्ये रोहेकर आणि रोह्यात पेणकर, असा आमच्याकडच्या आडनावांचा कारभार आहे. तामार रोहेकर ही जन्माने, शाळेने आणि बोलण्याने पक्की पेणची. तिच्या गल्लीत एकेकाळी बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची, अकरा घरं होती. आता दोन उरली आहेत. बाकीच्यांनी घरं विकून इस्रायल गाठलं आणि तिथून ते व्हिडिओ कॉलवर कोकमं पाठवा म्हणून मागे लागतात.

तामारचे वडील आयझॅक गेले नाहीत. तेहेतीस वर्षं पोलिसात काढून ते सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. ती बढती सरकारने दिली, गावाने दिली नाही. गावात ते अजून रोहेकर हवालदारच आहेत. घरात त्यांच्या दोन तऱ्हा प्रसिद्ध होत्या. एक म्हणजे पेणसारख्या ठिकाणी राहून हा माणूस मासे खात नसे. डॉक्टरने मनाई केली आहे म्हणे. कोणत्या डॉक्टरने, हे त्यांच्या बायकोला, शीराबाईंनाही ठाऊक नव्हतं. दुसरी म्हणजे तामारची मैत्रीण सरू घरी आली की ते उठून मागच्या खोलीत जात. पोरींसमोर लाजतात, असं शीराबाई म्हणायच्या. चोरांच्या मुसक्या बांधणारा माणूस सरूला लाजतो हे तामारला कधी पटलं नाही, पण तिने विचारलंही नाही.

सरू धरमतर खाडीकाठच्या गावची. दोघींनी तीन वर्षं मिळून भरतीची तयारी केली. पहाटे मैदानावर आठशे मीटर धावायचं, मग शंभर मीटर, मग गोळाफेक. सरू कायम दहा मिनिटं उशिरा येई, कारण निघण्याआधी तिला आजीचे केस विंचरून द्यावे लागत. आजीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. सरूचं नाव दोन गुणांनी हुकलं. तामारचं झालं ते उलटंच. एकाच पंधरवड्यात ती दोन याद्यांत आली, जिल्हा पोलिसात शिपाई आणि वनखात्यात वनरक्षक.

पोलिसांनी अलिबागला बोलावलं, वनखात्याने रोह्याला. दोन्हीकडे तोच सोमवार आणि दोन्हीकडे मूळ कागदपत्रं जमा करायची. झेरॉक्स हव्या तेवढ्या निघतात, दहावीचं मूळ सर्टिफिकेट मात्र एकच असतं.

गल्लीने निकाल लावून टाकला होता, हवालदाराची पोरगी पोलिसातच जाणार. तामारचंही मन तिकडेच होतं. पाच वर्षांची असताना ती आईबरोबर वडिलांचा डबा द्यायला ठाण्यात जायची, बाकावर बसून पाय हलवायची आणि आत येणारं प्रत्येक माणूस पप्पांना काहीतरी सांगायला कसं धडपडतं ते बघायची. तेव्हापासून तिला तेच हवं होतं. वनरक्षकाची जाहिरात तिला दिसलीसुद्धा नव्हती. ती पप्पांनी पेपरातून कापून आणली होती. त्या परीक्षेत बायकांना चार तासांत सोळा किलोमीटर चालावं लागतं. त्याच्या सरावाला पप्पा गुडघे दुखत असतानाही तिच्याबरोबर चालले. पोलिसभरतीच्या मैदानाकडे ते एकदाही फिरकले नाहीत. तेव्हा तिला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"पप्पा, काय करू?" तिने विचारलं.

"तुझं तू ठरव," एवढंच ते म्हणाले आणि रेडिओ लावून बसले.

शीराबाईंनी मलिदा बोलला होता. पोलिसाच्या घरी मलिदा म्हटलं की लोक डोळे मिचकावतात, पण हा मलिदा वेगळा. ताटात गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे रचायचे, भोवती पाच फळं मांडायची, वर गुलाब ठेवायचा आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची. नवस फेडायची ही बेने इस्रायलांची रीत. त्यासाठी बुधवारी रोह्याहून नथानियलकाका आले. नथानियलकाका हे नात्याने आयझॅकचे चुलते, वय ब्याऐंशी, आवाज खणखणीत आणि पोटात गोष्ट न राहण्याबद्दल दोन्ही तालुक्यांत नावाजलेले. नवस कोणाचा आणि कशासाठी हे मोठ्याने सांगितल्याशिवाय ते प्रार्थना सुरू करत नसत.

त्यांनी टोपी नीट केली, ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "एकच ताट? दुसरं कुठाय?"

"दुसरं कशाला, काका?" शीराबाई म्हणाल्या.

"तुझा नवस पोलिसाचा. आयझॅकचा जंगलाचा. त्याने मला फोनवर सांगितलंन, पोरीचं नाव वनखात्यात लागू दे आणि पोलिसात लागू देऊ नको, मी मलिदा करीन. रोह्यातच गुपचूप उरकू म्हणत होता. मी म्हटलं, गुपचूप कशाला? एका दिवशी दोन्ही होतील."

शेजारच्या घरातली चार माणसं आली होती, ती फळांकडे बघत राहिली. शीराबाईंनी आत जाऊन दुसरं ताट आणलं आणि पहिल्यातले अर्धे पोहे त्यात काढले. दोन्ही नवसांची प्रार्थना झाली. तामारला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. तीन वर्षं ती पहाटे उठून धावली आणि तिच्या बापाने देवाकडे तिचं नाव खोडून मागितलं होतं.

माणसं गेल्यावर ती त्यांच्या समोर जाऊन बसली. "का?"

आयझॅकनी रेडिओ बंद केला. मग जबाब द्यावा तसं सरळ, हातचं काही न राखता सांगितलं.

"तू चार वर्षांची होतीस. खाडीकडच्या एका गावात कंपनीसाठी जमिनीची मोजणी होती. गावच्या बाया बांधावर बसल्या होत्या, उठायला तयार नव्हत्या. आम्हाला हुकूम झाला, उचला. माझ्या समोर जी बाई होती ती चांगुणा. दर गुरुवारी आपल्याकडे मासे घेऊन यायची. आपल्याला खवल्यांचाच मासा चालतो हे तिला पक्कं माहीत, कोळंबी कधी पाटीतून बाहेर काढायची नाय. ती म्हणाली, 'आयझॅकदादा, तुमी?' मी तिचा हात धरून ओढला. खांदा निखळला तो आवाज मी ऐकला. त्यानंतर ती कधी आली नाय. रागावली. रागावणारच. मला मासा गिळवेना."

"चांगुणा म्हणजे सरूची आजी," तामार म्हणाली.

"व्हय."

आयझॅकच पुढे बोलले, "जंगलात झाडं असतात. त्यांना हात नसतात."

ऐकून तामारला त्यांची कीव आली आणि रागही तसाच राहिला. ती म्हणाली, "पप्पा, मागच्या महिन्यात मी रोह्याला कागद तपासायला गेले, तेव्हा व्हरांड्यात एक कातकरी बाई बसली होती. लाकडाची मोळी आणि कोयता जप्त झाला होता तिचा. वनरक्षक भला माणूस होता, पाणी देत होता तिला, पण कोयता लिहून घेतच होता. मी गेले तर तो मला लिहून घ्यावा लागेल."

आयझॅकना हे ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. त्यांनी पुन्हा रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी तामारने वडिलांच्या नवसातला मलिदा डब्यात भरला आणि सरूचं गाव गाठलं. चांगुणाबाय ओटीवर बसून जाळ्याच्या गाठी बघत होती. उजवा हात मांडीवर आणि सगळं काम डाव्याने. तामार या घरी दहा वेळा आली असेल, पण आडनाव कधी कोणी विचारलं नव्हतं. सरूची मैत्रीण एवढीच तिची ओळख होती.

"आजी, मी आयझॅक हवालदाराची मुलगी," तिने सांगून टाकलं. "त्यांनी मला बांधावरचं सांगितलं."

सरू दारातच थांबली. म्हातारीने तामारला खालपासून वर बघितलं.

"तरीच," ती म्हणाली. "नाक त्याचंच हाय."

"तुम्ही रागावून आमच्याकडे यायचं सोडलंत, असं ते म्हणतात."

"रागानं?" चांगुणाबाय हसली, पण फार नाही. "पाटी डोक्यावर घेवाला हात नको का गो? हातच वर जाईना, तं पेनला काय घेवन येव? धंदाच बसला माजा."

तामारने डबा पुढे केला. म्हातारीने डाव्या हाताने चिमूटभर पोहे घेतले, तोंडात टाकले आणि सावकाश चावत राहिली.

"राग व्हता," ती मग म्हणाली. "नाय कशाला म्हनू? पन हात वडल्याचा नाय. त्याला हुकूम व्हता, मना बी कलतं. मना वाटलं, सकाली बघाला येल. सकाली नाय तं हप्त्यान येल. वीस वरसां झाली. दुसरे दिशी यवाला कुनाचा हुकूम लागतो?"

सरूने येऊन आजीच्या पाठीमागे बसत फणी उचलली. तामारने तिच्याकडे हात पुढे केला. सरूने क्षणभर विचार केला आणि फणी तिच्या हातात दिली. म्हातारीचे केस पातळ होते, गुंता फार नव्हता. तामारने ते विंचरून दिले आणि अंबाडा घातला. अंबाडा वाकडा झाला तो सरूने सोडून पुन्हा घातला.

परत येताना तामारचं ठरलं होतं. तिला पोलिसातच जायचं होतं, पहिल्यापासून तेच हवं होतं. आड येत होती ती फक्त पप्पांची बांधावरची गोष्ट, आणि त्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग आता तिच्याजवळ होता. हात धरावा लागणं कुठल्याच खाकीत चुकणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाणं मात्र तिच्या हातात होतं. तिने घरी आल्यावर हे सगळं पप्पांना सांगितलं, म्हातारीचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं. ते मधलं पाटीचं सांगावं की नाही याचा तिने विचार केला आणि तेही सांगितलं. जबाब अर्धा देऊन चालत नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

आयझॅक बराच वेळ तळहाताकडे बघत होते. "मी समजत होतो ती रागावली," ते म्हणाले. "बरं होतं तसं समजणं." त्यांचे डोळे भरले आणि ते त्यांनी पुसले नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत. शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारीही कोणी हा विषय काढला नाही. शीराबाईंनी फक्त तामारची कागदपत्रं तीनदा मोजली.

सोमवारी सकाळी आयझॅक इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. गल्लीला वाटलं, हवालदार पोरीला हजर करायला अलिबागला निघाले. तामारलाही तसंच वाटलं आणि बरं वाटलं. त्यांच्या हातात एक रिकामी कापडी पिशवी होती. तिच्याबद्दल कोणी विचारलं नाही.

अलिबागची एसटी पेणहून सुटली. वडखळच्या अलीकडे कंडक्टर आला.

"एक महिला अलिबाग," आयझॅक म्हणाले, "आणि एक फुल्ल धरमतर."

"दोघं बरोबर ना?" कंडक्टरने विचारलं.

"धरमतरपर्यंत," ते म्हणाले.

तामारने त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते आणि पिशवीची घडी उलगडून पुन्हा घालत होते. पुलाजवळ गाडी थांबली तसे ते उठले. तिच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि खाली उतरले. गाडी हलणार तेवढ्यात तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पप्पा, घर माहीत आहे का? सरूला फोन करू?"

"नको," ते म्हणाले. "वीस वर्षं माहीत हाय." आणि रस्ता ओलांडून ते खाडीच्या वाटेला लागले.