गिझरवरचं स्वस्तिक

आमची न्हाणी एवढी लहान की आत साबण नेला तर बादली बाहेर ठेवावी लागते. तिथंच मेहकरच्या दुकानातून आणलेला गॅसचा गिझर बसला. मिस्त्रीनं दोन स्क्रू पिळले, "सारं गिझरवरच लिहेल हाय काका" म्हणाला आणि निघाला. खरंच स्टिकर होतं. अक्षरं अशी की मुंगीलाही चष्मा लागावा. उद्या वाचू म्हटलं.

त्याआधी बायकोनं पूजा केली. नव्या वस्तूवर शेंदराचं स्वस्तिक काढल्याशिवाय ती तिला हात लावत नाही. फ्रिजवर आहे, मिक्सरवर आहे, माझं कपाळ तेवढं सुटलं. लाल रंग उठून दिसायला तिला पांढरी जागा हवी होती. करड्या गिझरवर पांढरं काय, तर ते स्टिकर. तेलात कालवलेला शेंदूर दोन दिवसांत दगड झाला.

मग जानेफळकडून असं वारं सुटलं की चुलीतला जाळही गोठावा. तिनं न्हाणीच्या झरोक्यात गोणपाट कोंबलं. एका सकाळी ती न्हायला गेली, पाणी वाहतच राहिलं, हाकेला ओ नाही. दार मी एका धक्क्यात तोडलं, असं गावात सांगतो. खरं तर शेजाऱ्यानं सब्बल आणून ते उचकटलं. आत बायको भिंतीला टेकून बसली होती, मान कलंडलेली.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. दुपारी तिनं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गॅस जळला की विषारी वायू होतो, त्याला वास नसतो. वस्तूवर सूचना नव्हती का?

घरी येऊन चाकूनं शेंदूर खरवडला. न्हाणीत बसवू नका, हवा खेळती ठेवा. इंग्रजीत आणि हिंदीत. कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलली, "सर, सूचना उत्पादनावर दिलेली आहे." दिलेली होतीच. भांडायला लावलेला फोन मी ठेवून दिला.

गिझर आता बाहेर, अंगणातल्या भिंतीवर आहे. तरी ती न्हायला गेली की मी दाराशी स्टूल टाकून बसतो.

"हायस ना वं?"

"हाय. तुमाले दुसरा कामधंदा नाही काय?"

"बोलत राय."

"काय बोलू? जलमभराचं बोलून झालं."

मग ती कंटाळून घरं मोजायला लागते: कोणाच्या न्हाणीत असा गिझर आहे, कोणी झरोक्यात काय कोंबलंय. त्या सगळ्या घरी मी दोन-दोनदा जाऊन आलोय. "हाव, काढतो," म्हणतात आणि चहा पाजतात. थंडी अजून महिनाभर आहे.