गाडीसमोर उभे राहणारे उद्धव मिस्त्री

ब्रेकचं काम झालं की उद्धव मिस्त्री त्या गाडीसमोर रस्त्यात जाऊन उभे राहत. मालकाने माल भरलेली गाडी लांबून चांगल्या वेगात आणायची आणि रस्त्यावर चुन्याची रेघ मारलेली असे तिथे ब्रेक दाबायचा. रेघेपासून चाळीस पावलांवर मिस्त्री, कमरेवर हात, गालात तंबाखू. मालकांना घाम फुटे. "मिस्त्री, बाजूला व्हा ना," कुणी खिडकीतून ओरडलं की उत्तर ठरलेलं, "काऊन? म्या केलेलं काम तुले पटलं नाई का?" गाडी थांबली की ते बोनटवर एक चापट मारत आणि वळून शेडकडे चालू लागत. रिकाम्या गाडीची परीक्षा त्यांना मान्यच नव्हती. "रिकामी गाडी त कोनीबी थांबवते," म्हणत.

हिंगणघाटला जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. माणसाचा चेहरा कायम कडू. ते चिडत नसत, त्यांना किळस येई, आणि ती ते लपवत नसत. तुमच्या गाडीचं झाकण उघडून आत बघायचे आणि मग तुमच्याकडे असे बघायचे की नुकत्याच न्हालेल्या माणसालाही पुन्हा आंघोळ करावीशी वाटावी.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो ते नव्वदच्या दशकात. गिरडच्या आसपासच्या खेड्यांतून कापूस घ्यायचा आणि हिंगणघाटच्या जिनिंगवर आणून घालायचा, हा माझा धंदा. त्यासाठी एक जुनी डिझेल पिकअप घेतली होती. आमच्याकडे गाडी घेतली की पहिलं काम एकच, मागच्या चाकांवर स्प्रिंगचे दोन-दोन जास्तीचे पाटे चढवायचे, म्हणजे कितीही कापूस कोंबला तरी गाडी मागे बसत नाही. मीही चढवले आणि गावभर मिरवलं. ब्रेक मात्र कधी लागत, कधी नाही. एकदा गिरडच्या उतारावर गाडी हातची गेली आणि कशीबशी थांबली. मी काय केलं? वर टेकडीवरच्या दर्ग्यात जाऊन बाबाला चादर चढवली, बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि दुरुस्ती झाली असं समजून खाली आलो. पुढच्या महिन्यात रेल्वे फाटकाला जाऊन टेकलो, तेव्हा कुठे मिस्त्रींकडे गेलो.

"चादर त मीबी चढवतो," सगळं ऐकून ते म्हणाले. "पन तुह्या घान ब्रेकच्या कामाले बाबाले काऊन लावतं?"

मग त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, वास घेतला आणि तोंड फिरवलं. आधीच्या मालकाने त्यात इंजिनचं ऑइल ओतलं होतं. आतली रबरं वड्यासारखी फुगली होती. "छ्या! मानसं पोराले दुधात पानी पाजत नाई, अन् गाडीले हे पाजते."

खरा रोग मात्र त्यांनी गाडीखाली नेऊन दाखवला. मागच्या आसापासून वर एका वाल्वला जाणारा बोटाएवढा दांडा होता. "हे पाह्य. माल भरला का गाडी खाली बसते. बसली का हा दांडा वर होते अन् मागच्या ब्रेकले जोर भेटते. तुवं पाटे टाकले. आता गाडी बसतच नाई. गाडीले वाटते, मी रिकामी हावो. म्हनून मागचे ब्रेक झोपून राह्यले."

हे मला नवीनच होतं. जास्त माल नेण्यासाठी केलेल्या हुशारीनेच माझे ब्रेक मारले होते. मिस्त्रींनी पाटे उतरवले, दांडा जागेवर लावला, रबरं बदलली, मागचे ड्रम लेथवर साफ करून नवे लायनर बसवले, पाइपांतली हवा काढली. "आता माल कमी भरजो. दोन खेपा करजो," म्हणाले आणि जाऊन रस्त्यात उभे राहिले. मी माल भरून गाडी आणली आणि रेघेवर ब्रेक दाबला. गाडी त्यांच्या दहा पावलं अलीकडे थांबली. बोनटवर चापट पडली तेव्हा मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

दोन-तीन वर्षं नीट गेली. मग एक हंगाम असा आला की बाकीचे व्यापारी एका खेपेत माझ्या दुप्पट माल नेऊ लागले. मी दुसऱ्या गावाहून गुपचूप पाटे परत चढवून आणले. आज हे लिहितानाही मला स्वतःची किळस येते.

त्यानंतरच एके दुपारी मी कापूस भरून शेडवरून चाललो होतो. कापसावरचं पाल दोन्ही बाजूंनी चाकांपर्यंत लोंबत होतं, खालचं काही दिसत नव्हतं. मिस्त्री समोरच्या टपरीवर चहा पीत होते. आपण दुरुस्त केलेली गाडी आली असं पाहून ते गमतीने उठले, रस्त्यात आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. चक्क हसत होते. त्या माणसाला मी तेव्हा एकदाच हसताना पाहिलं.

मला ओरडता आलं असतं. बाजूला व्हा, एवढंच. पण ओरडलो असतो तर सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून मी गप्प राहिलो आणि रेघेवर ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली गेलं, मागचा कापूस पुढे रेटतच राहिला. त्यांनी बहुधा माझा चेहरा पाहिला असावा. शेवटच्या क्षणी त्यांनी बाजूच्या नालीत उडी मारली. ते उभे होते ती जागा ओलांडून गाडी बरीच पुढे जाऊन थांबली.

काळ्या चिखलाने माखलेले मिस्त्री वर आले. माझ्याशी न बोलता त्यांनी पालाची कड उचलली, खाली वाकून पाटे पाहिले आणि थुंकले.

"सीझन आहे मिस्त्री," मी म्हणालो. हेच सुचलं मला!

"ब्रेक त लोखंड हाये," ते हळूच म्हणाले. "लोखंडाच्या भरोशावर कोन उभं राह्यते बे? मी चालवनाऱ्याच्या भरोशावर उभा राह्यत होतो."

त्याच संध्याकाळी मी पाटे काढून टाकले. दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो. ते एका जीपखाली झोपून काम करत होते. "बरं केलं," खालूनच आवाज आला. "पन गाडी आता दुसरीकडं दाखवत जाजो." ते बाहेर आले नाहीत. मी बराच वेळ त्यांच्या पायांकडे बघत उभा राहिलो.

तेव्हापासून मिस्त्री कुणाच्याच गाडीसमोर उभे राहिले नाहीत. चाळीस पावलांवर त्यांनी आपल्या जागी एक डांबराचं रिकामं पिंप ठेवलं. मालकांना हायसं वाटलं. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "वय झालं बावा." खरं कारण मला ठाऊक होतं आणि त्यांनी ते गावात कुणालाही सांगितलं नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिस्त्री गेल्याचं मला जिनिंगच्या फाटकावर कळलं. अंत्ययात्रेहून परतताना शेडपाशी थांबलो. कुलूप होतं. पिंप अजून रस्त्याच्या कडेला उभं होतं. मी त्याच्याभोवती फिरून, हात फिरवून सगळीकडून पाहिलं. एवढ्या वर्षांत इतक्या भरलेल्या गाड्या त्याच्यावर चालून आल्या होत्या, पण त्याला एकही पोचा नव्हता.